फेझंटसाठी काडतूस कुठलं घ्यावं? (ठिकाण: साऊथ डकोटा)

मयेतळे
नमस्कार मंडळी. ऑक्टोबरात बहिणीकडे सू फॉल्सला जातोय. मेहुण्याने तिकडच्या एका शेतकरी मित्राच्या जमिनीवर फेझंट या रानपक्ष्याच्या शिकारीचा बेत केला आहे, रेडफील्डच्या बाजूला. बंदूक मित्राची, बारा बोअर, एकावर एक नळ्यांची. काडतुसं मात्र मी घ्यायची. पाहुण्याने निदान दारूगोळ्याचा खर्च उचलावा, असं मेहुण्याचं म्हणणं.

बंदूक मला अगदीच नवी नाही. घरी शेतीसंरक्षणाच्या परवान्याची दुनळी आहे. पण ती रानडुकरं कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत शिरली की हवेत बार काढण्यापुरती. त्यामुळे काडतुसात कुठला छरा आहे याची आम्ही कधी पर्वाच केली नाही. दुकानदार शक्तिमान काडतुसांचा डबा देतो, आम्ही घेतो, निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करतो. संपला विषय.

आता मेहुण्याने तिकडच्या दुकानातल्या डब्यांचे फोटो पाठवलेत आणि मी गोंधळलोय. ४, ५, ६ नंबर. शिसं, स्टील, बिस्मथ. पावणेतीन इंची, तीन इंची. एका डब्यावर तर "१¼ औंस, १३३०, ३¾ ड्रॅम" असं पंचांगासारखं काय काय लिहिलंय. जाणकारांनी सांगावं, काय घेऊ?

रानकोंबा
शीर्षक वाचून दचकलो. इथे धागा वाचून कोणी उद्या नेत्रावळीच्या रानात जाऊ नये म्हणून आधीच लिहून ठेवतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे आपल्याकडे शिकारीला बंदी आहे. रानकोंबडा, चकोत्री आणि मोर हे तिन्ही फेझंटच्याच कुळातले पक्षी गोव्यात आहेत आणि तिन्हींना कायद्याचं संरक्षण आहे. शेतीसंरक्षणाचा परवाना हा बंदूक बाळगण्याचा परवाना आहे, शिकारीचा नव्हे. म्हादई, बोंडला, खोतीगाव तर सोडाच, आपल्या स्वतःच्या काजूच्या बागेतसुद्धा नाही.

तांबडी_माती
+१. आणि कोणी "आमच्या आजोबांच्या काळी" सुरू करायच्या आत संपादकांनी लक्ष द्यावं.

संपादक
धागा साऊथ डकोटातल्या कायदेशीर शिकारीपुरता चालू राहील. गोव्यातल्या किंवा भारतातल्या शिकारीचे किस्से, जुने असोत वा नवे, उडवले जातील.

फोंडा_ते_फार्गो
मयेतळे बाब, काडतुसाआधी एक कागद. तुम्ही व्हिजिटर व्हिसावर येताय ना? मग अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याप्रमाणे तुम्हाला बंदूकही बाळगता येत नाही आणि काडतूसही. ज्याच्या हातात तिथल्या एखाद्या राज्याचा शिकारीचा चालू परवाना आहे त्याला यातून सूट मिळते. म्हणून आधी साऊथ डकोटाचा परराज्यातल्यांसाठीचा स्मॉल गेम, म्हणजे छोट्या शिकारीचा परवाना काढा, ऑनलाइन मिळतो. त्याची छापील प्रत खिशात ठेवा आणि मगच दुकानात पाऊल टाका. मेहुण्याचं ग्रीन कार्ड असेल तर त्याला ही अडचण नाही, म्हणून त्याच्या डोक्यातही ही गोष्ट आली नसेल. हा परवाना पाच-पाच दिवसांच्या दोन हप्त्यांचा असतो आणि तारखा काढतानाच द्याव्या लागतात. बंदुकीचा सरावसुद्धा त्याच तारखांत बसवा, म्हणजे शंकेला जागा नको.

आता काडतूस. मी फार्गोत राहतो, म्हणजे नॉर्थ डकोटात, पण फेझंटसाठी बरीच वर्षं खाली साऊथमध्येच जातो. थेट उत्तर हवं असेल तर: खाजगी जमीन, ऑक्टोबर, बारा बोअर, पावणेतीन इंची काडतूस, १¼ औंस कडक शिसं, ५ नंबर. दुकानात जाऊन एवढं म्हणालात तरी चालेल.

पण का, तेही सांगतो, कारण ५ नंबर शिल्लक नसला की तुम्ही पुन्हा गोंधळणार.

नंबर जितका मोठा तितका छरा बारीक. अमेरिकन डब्यांसाठी सोपी युक्ती आहे. १७ मधून नंबर वजा करायचा, उरेल तो छऱ्याचा व्यास, इंचाच्या शंभराव्या भागात. ६ नंबर म्हणजे ०.११ इंच, ५ म्हणजे ०.१२, ४ म्हणजे ०.१३. मिलिमीटरमध्ये २.८, ३.०५ आणि ३.३. ऐकायला फरक किरकोळ. पण एका औंसात ६ नंबरचे साधारण २२५ छरे बसतात, ५ चे १७० आणि ४ चे १३५. म्हणजे तुमच्या १¼ औंसाच्या काडतुसात अनुक्रमे २८०, २१० आणि १७० च्या आसपास. एका पायलीत सुपाऱ्या किती मावतात आणि नारळ किती, तोच हिशेब.

मोठा छरा जास्त खोल जातो, वेग टिकवतो. बारीक छरे जास्त असतात म्हणून पक्ष्याला लागण्याचा संभव जास्त. फेझंटचा नर हा पिसांचं जाड जाकीट घातलेला, सव्वा-दीड किलोचा चिवट पक्षी. पंख मोडून पडला तरी पायांनी धूम ठोकतो आणि गवतात नाहीसा होतो. त्याला नुसते छरे लागून उपयोग नाही, ते आत पोचायला हवेत. ६ नंबर पंचवीस यार्डापर्यंत झकास, पस्तीसला मला त्याचा भरवसा नाही. ४ नंबर चाळीसलाही आत जातो, पण तोवर छऱ्यांमधली भोकं एवढी होतात की पक्षी मधून निसटतो. ५ हा मधला.

तुमच्या पंचांगातलं "३¾ ड्रॅम" सोडून द्या. काळ्या दारूच्या काळातलं माप आहे ते. इतक्या ड्रॅम काळ्या दारूने जो वेग मिळाला असता तेवढा या काडतुसाचा वेग, एवढाच अर्थ. आत तेवढी दारू नसते. १३३० हा तो वेग, फूट दर सेकंदाला.

जुनी_दुनळी
फार्गोवाल्यांनी बरं समजावलं. मी वाळपईकडचा. आमच्याकडे ठासणीच्या बंदुकांत दारू मोजून घालायचे, छरे मुठीने. हवेत बार काढायला तेवढं पुरतं. पण ड्रॅम हा शब्द मी शेवटचा ऐकला तो डॉक्टरांच्या बाटलीवर.

एक विचारतो. एलजी, एसजी हे मोठ्या छऱ्यांचे प्रकार तिकडे दिसत नाहीत का?

फोंडा_ते_फार्गो
नावं ब्रिटिश आहेत ती, म्हणून शक्तिमानच्या डब्यावर दिसतात. एसजीच्या जवळचं इथे "डबल ऑट बक" नावाने मिळतं. पक्ष्यांशी त्याचा संबंध नाही. एका औंसात जेमतेम आठ गोळ्या.

स्विंडनकार
इथेच एक मोठा खड्डा आहे, त्यात पडू नका. तुमच्या फार्गोचा ६ नंबर आणि आमच्या इंग्लंडचा ६ नंबर एक नाहीत!

मी स्विंडनला असतो. हिवाळ्यात शनिवारी इथल्या एका इस्टेटीवर हाकारे म्हणून जातो. काठी घेऊन रानातून चालायचं, पक्षी उठवायचे, पुढे ओळीत उभे असलेले साहेब बार काढतात. दिवसाचे थोडे पैसे, दुपारी गरम सूप आणि घरी न्यायला पक्ष्यांची जोडी. गोव्याबाहेर आल्यावर हे काम मिळेल असं पणजीत कोणी सांगितलं असतं तर हसलो असतो.

इथे ६ नंबर म्हणजे २.६ मिमी, औंसाला २७० छरे. इंग्लिश ५ हा २.८ मिमी, म्हणजे तुमचा अमेरिकन ६. इंग्लिश ४ हा साधारण अमेरिकन ५. त्यामुळे यूट्यूबवर एखादा इंग्रज म्हातारा "फेझंटला सहा नंबर पुरे" म्हणाला तर तो काय म्हणतोय ते आधी मिलिमीटरमध्ये बघा.

शिवाय शिकारीचा प्रकारच वेगळा. इथे पक्षी उंचावरून समोरून येतात, शिकारी जागेवर उभा. २८ किंवा ३० ग्रॅमचं काडतूस पुष्कळ झालं असं मानणारे बरेच आहेत. तुमच्याकडे १¼ औंस म्हणजे ३५ ग्रॅमच्या वर! खांद्याचं काय होतं?

फोंडा_ते_फार्गो
स्विंडनकार, मिलिमीटरचा मुद्दा लाखमोलाचा. मयेतळे बाबांची दुनळी ब्रिटिश पद्धतीच्या काडतुसांवर वाढली असल्याने त्यांना तो नक्कीच लागू.

खांद्याचं म्हणाल तर, इथे पक्षी कुत्र्याच्या नाकाखालून उठतो आणि पाठ दाखवून पळतो. म्हणजे छऱ्यांना शेपटीकडून आत शिरायचं असतं, हाडं आणि आतडी ओलांडून. समोरून येणाऱ्या पक्ष्याची छाती आणि मान उघडी असते. वजन आणि छरा दोन्ही इथे थोडे जास्त लागतात ते त्यामुळे. तरीही तीन इंची मॅग्नमच्या नादाला लागू नका, शिसं वापरताना तर नाहीच. एकावर एक नळ्यांची बंदूक हलकी असेल तर तिसऱ्या बारानंतर माणूस डोळे मिटून चाप ओढायला लागतो. १¼ औंस जड वाटलं तर १⅛ घ्या. छरे थोडे कमी, पण नेम शाबूत.

मयेतळे
देव बरें करूं सगळ्यांचं. परवान्याची गोष्ट मेहुण्याला सांगितली, तो दोन मिनिटं गप्पच झाला. आजच काढतोय.

पुढचा प्रश्न. मेहुणा म्हणतो एक दिवस सरकारी जमिनीवरही जाऊ, तिथे स्टील लागतं. स्टीलचाही ५ नंबरच घ्यायचा ना?

फोंडा_ते_फार्गो
नाही! बरं झालं विचारलंत.

शिशाची घनता ११.३, स्टीलची ७.९ च्या खाली. तेवढ्याच आकाराचा स्टीलचा छरा तीस टक्क्यांनी हलका. हलका म्हणून हवेत लवकर मंदावतो. उपाय एकच, आकार वाढवायचा. इथला रिवाज दोन नंबर खाली येण्याचा. शिशाच्या ५ ऐवजी स्टीलचा ३, शिशाच्या ६ ऐवजी स्टीलचा ४. प्रत्यक्षात ऑक्टोबरात, कुत्र्यापुढे, जवळच्या पक्ष्यांना मी स्टीलचा ४ वापरतो. नोव्हेंबर उलटला, पक्षी लांबून उठायला लागले की ३ किंवा २. एक गंमत बघा. १⅛ औंस स्टीलच्या ४ नंबरमध्ये साधारण २१५ छरे बसतात, १¼ औंस शिशाच्या ५ मध्येही जवळजवळ तेवढेच. संख्या तीच, पण स्टीलचा प्रत्येक छरा थोडा मोठा असूनही शिशाच्या ५ पेक्षा हलका. म्हणून स्टीलने पस्तीस यार्डापलीकडे मी बार काढत नाही.

नियम असा की साऊथ डकोटातल्या बहुतेक सार्वजनिक शिकारजमिनींवर बिनविषारी छराच लागतो. राज्याचे गेम प्रॉडक्शन एरिया आणि केंद्र सरकारची पाणपक्ष्यांसाठी राखलेली तळी दोन्ही त्यात आली. पाणपक्ष्यांच्या शिकारीत तर १९९१ पासून अख्ख्या देशात शिशाला बंदी आहे. फेझंटला तशी सरसकट नाही, ते जमिनीवर ठरतं. तुमचा बेत कुठेही फिरायचा असेल तर सरळ सगळा माल स्टीलचाच घ्या. दोन प्रकारचे डबे गाडीत ठेवले की चुकीचं काडतूस खिशात राहतं आणि वॉर्डन खिसेच तपासतो.

जुनी_दुनळी
आमच्या दुनळीतून स्टील उडवलं तर?

फोंडा_ते_फार्गो
दुनळी किती जुनी यावर. स्टीलचा छरा दबत नाही. शिशाचा छरा नळीच्या तोंडाशी, चोकमध्ये (नळीचा आवळलेला भाग), थोडा चेपून निघतो, स्टील निघत नाही. जुन्या पातळ नळीला, त्यात घट्ट फुल चोक असेल तर, तोंडाशी फुगवटा येऊ शकतो. जुन्या डॅमस्कस (लोखंड-पोलादाच्या पट्ट्या वळून केलेल्या) नळ्यांना तर स्टील दाखवूही नये. अशा बंदुकांसाठी बिस्मथ. घनता ९.६ च्या आसपास, शिशाइतकं नव्हे पण मऊ, म्हणून नळीला त्रास नाही. बिस्मथचा ५ फेझंटला छान चालतो. किंमत मात्र डोळ्यांत पाणी आणते. टंगस्टन त्याहून जड आणि त्याहून महाग, ते हौशी श्रीमंतांना.

मेहुण्याच्या मित्राची बंदूक नवी असेल तर नळीवर स्टीलची परवानगी कोरलेली असते किंवा पुस्तिकेत लिहिलेली असते. त्याला विचारूनच डबा फोडा. बंदूक त्याची आहे.

स्विंडनकार
आमच्याकडे हा वाद केव्हाचा पेटलाय. २०२० च्या फेब्रुवारीत इथल्या नऊ शिकार आणि ग्रामीण संघटनांनी पाच वर्षांत शिसं स्वेच्छेने सोडायचं ठरवलं. पाच वर्षं झाली, इस्टेटीवर उचललेल्या पक्ष्यांत शिसंच निघायचं. शेवटी २०२५ च्या जुलैत सरकारनेच बंदी जाहीर केली, तीन वर्षांची मुदत देऊन. डेन्मार्कने हे १९९६ लाच केलं होतं आणि तिथे शिकार बंद पडली नाही. म्हाताऱ्या साहेबांची कुरकुर अजून चालू आहे, आजोबांच्या बंदुकीचं काय करू म्हणून. जुनी_दुनळी यांच्यासारखेच सगळे.

जुनी_दुनळी
म्हातारा म्हणालात, साहेब म्हणालात. एक मान्य.

दाढदुखी
शिकारीतलं मला काही कळत नाही. दातांची डॉक्टर आहे, म्हापशाला. पण हा धागा वाचता वाचता शेवटी कोणीतरी विचारणारच की पक्ष्याची शागुती करायची का, म्हणून आधीच लिहिते.

पहिलं, छरा चावला की दाताचा तुकडा उडू शकतो, आणि स्टीलचा छरा शिशासारखा मऊ नाही. मांस कापताना पिसांचे बारीक पुंजके आत गेलेले दिसतात, जखमेच्या वाटेने. त्या वाटेने बोट फिरवत जा, शेवटी छरा असतो. स्टीलला चुंबक लागतं, शिशाला आणि बिस्मथला नाही.

दुसरं महत्त्वाचं. शिशाचा छरा काढला तरी हाडावर आपटून त्याचा भुगा मांसात राहतो, तो डोळ्यांना दिसत नाही. आंबट पदार्थात शिजवलं की शिसं जास्त विरघळून मांसात उतरतं. म्हणजे व्हिनेगर घालून विंदालू, किंवा भरपूर चिंच, आमसुलं. शिशाने मारलेला पक्षी असेल तर जखमेभोवतीचं मांस सढळ हाताने कापून टाका आणि आंबट कमी ठेवा. लहान मुलं आणि गरोदर बायका यांना तो वाढूच नका. शिशाची सुरक्षित अशी मात्रा नसते, त्यांच्या बाबतीत तर नाहीच. मेहुण्याच्या घरी मुलं असतील तर माझ्या मते सरळ स्टील घ्या आणि विषय संपवा.

मयेतळे
दाढदुखीताई, शागुतीचाच बेत होता! भाजलेलं खोबरं, खसखस, सगळं बॅगेत भरायची यादी झालीय. आणि हो, घरी दोन भाचरं आहेत. मग स्टीलच. फार्गोबाब, तुमचं काय मत?

फोंडा_ते_फार्गो
ताईंनी माझा निकाल फिरवला. वर मी ५ नंबर शिसं म्हटलं ते फक्त बंदुकीच्या बाजूने. ताटाची बाजू धरली आणि घरात मुलं आहेत म्हटलं की स्टील ४. तीन इंचीची गरज नाही, पावणेतीन इंची १⅛ औंस पुरेल. मित्राच्या शेतावरही तेच, सरकारी जमिनीवरही तेच.

आता चोक. बहुतेक नव्या बंदुकींना पेचाचे चोक असतात, काढता-घालता येणारे. कागदोपत्री गणित असं: चाळीस यार्डांवर तीस इंचांच्या वर्तुळात इम्प्रूव्हड सिलिंडर चोक निम्मे छरे टाकतो, मॉडिफाइड साठ टक्के, फुल सत्तर. हे शिशाचं. स्टीलचे छरे चेपत नाहीत म्हणून भरकटतही नाहीत, त्यांचा गट जास्त घट्ट पडतो. तेव्हा खालच्या नळीला इम्प्रूव्हड सिलिंडर, वरच्या नळीला मॉडिफाइड. फुल चोक डबीतच राहू दे.

आणि माझं जे खरं म्हणणं आहे ते हे: डब्यावरच्या आकड्यांवर इतका वेळ घालवता, त्यातला अर्धा तास कागदावर घाला. खाटकाकडचा रुंद कागद मिळतो, त्याचा चार फुटी तुकडा रेंजवर लावा. तीस यार्डांवर उभे राहा, मधल्या ठिपक्यावर एक बार. कागद बदला, पुन्हा. दोन्ही नळ्या, दोन्ही चोक. मग छऱ्यांच्या सगळ्यात दाट भागाभोवती तीस इंचांचं वर्तुळ काढा. दोन गोष्टी बघा. वर्तुळ ठिपक्याच्या वर-खाली-बाजूला सरकलंय का? ती बंदूक तुमच्या खांद्याला कशी बसते त्याची गोष्ट. आणि वर्तुळात फेझंटच्या धडाएवढी मोकळी जागा कुठे उरते का? ती काडतुसाची गोष्ट. एकाच नंबरचे दोन कंपन्यांचे डबे एकाच नळीतून इतके वेगळे पडतात की विश्वास बसत नाही. महागडा डबा घेऊन कागद न बघणाऱ्यापेक्षा स्वस्त डबा घेऊन कागद बघणारा जास्त पक्षी घरी नेतो, हे मी इथल्या शेतांत पाहिलंय.

रानकोंबा
आता राहवत नाही म्हणून पक्ष्याच्या बाजूने थोडं. हा फेझंट अमेरिकेचा नव्हेच, आशियातला. शांघायमधले अमेरिकेचे वाणिज्यदूत ओवेन डेनी यांनी १८८१-८२ मध्ये चीनमधून ओरेगॉनला पाठवले, तिथून तो पसरला. साऊथ डकोटात पहिला शिकार हंगाम १९१९ चा, स्पिंक काउंटीत. रेडफील्ड त्याच काउंटीचं मुख्य गाव, म्हणजे मयेतळे पंढरीलाच निघालेत. १९४३ मध्ये त्यांनी त्याला राज्यपक्षीही करून टाकलं. पाहुणा आणून, राज्यपक्षी करून, वर त्याची शिकार! मला हे पचत नाही, पण तिथे शेतकरी त्याच्यासाठी गवताच्या पट्ट्या राखतात आणि त्या गवतात इतर पक्षीही घरटी करतात, हेही नाकारता येत नाही.

मादीचं काय? सगळे सरसकट मारतात?

फोंडा_ते_फार्गो
नाही. फक्त नर. दिवसाला तीन, आणि जवळ साठा जास्तीत जास्त पंधरा. गाडीतून नेताना पक्ष्याचं डोकं, एक पाय किंवा सगळी पिसं शाबूत ठेवावी लागतात, नर असल्याचा पुरावा म्हणून. सकाळी दहाच्या आधी बार नाही. गळ्यातला पांढरा पट्टा, लांब शेपूट, उठतानाचा कोकलणारा आवाज यांवरून नर ओळखू येतो, पण सूर्य समोर असला की सगळे पक्षी काळे दिसतात. तेव्हा शंका आली की बंदूक खाली. काडतूस कुठलंही असो.

अंतराचंही सांगून टाकतो. नवखा माणूस पन्नास यार्डाला तीस समजतो. मक्याच्या शेतात उभे असाल तर ओळी मोजा. इकडे दोन ओळींत बहुधा तीस इंच असतात, म्हणजे छत्तीस ओळी झाल्या की तीस यार्ड. शिकार सुरू व्हायच्या आधी एकदा मोजून तिथला खुंट बघून ठेवा. पाणकणसाच्या दलदलीत ही सोय नाही, तिथे पिसांचे रंग स्पष्ट दिसत असतील तरच बार.

आणि मक्यातून पक्षी हाकताना शेताच्या टोकाला माणसं उभी असतात, पक्षी अडवायला. खाली उडणाऱ्या पक्ष्यावर बार काढायचाच नाही, मागे आभाळ दिसलं पाहिजे. नारिंगी टोपी आणि जाकीट मेहुण्याकडून मागून घ्या.

मयेतळे
यादी केली. एक शेवटचं. थोरला भाचा पंधरा वर्षांचा आहे, त्याचं हंटसेफ, म्हणजे शिकार-सुरक्षेचं प्रशिक्षण झालंय. त्याला वीस बोअर देणार आहेत. त्याच्यासाठी?

फोंडा_ते_फार्गो
वीस बोअरलाही स्टीलच हवं, तर तीन इंची काडतूस, एक औंसापर्यंत मिळतं, ४ नंबर. त्याला पंचवीस-तीस यार्डांपलीकडे परवानगी नको. आणि हे अगदी नीट वाचा: वीसचं काडतूस बाराच्या नळीत घातलं तर ते आत घसरून पुढे अडकतं, नळी रिकामी वाटते, माणूस मागून बाराचं काडतूस घालतो आणि बार काढतो. नळी फुटते, हातासकट. म्हणूनच वीसची काडतुसं पिवळी करतात. तुमच्या आणि भाच्याच्या खिशांची अदलाबदल होता कामा नये. उसनं जाकीट घालण्याआधी खिसे उलटे करून झाडा.

जुनी_दुनळी
काडतुसं उरली तर इकडे आणता येतील का हो? बघायची होती.

फोंडा_ते_फार्गो
मुळीच नाही. उरलेली मेहुण्याकडे. परतीच्या बॅगेचे कप्पेही झाडून घ्या. आपल्याकडच्या विमानतळावर बॅगेत एक काडतूस सापडलं तरी शस्त्र कायद्याखाली पोलीस केस होते, विसरलो म्हणून लगेच सुटका नाही. रिकाम्या पुंगळीवरूनही तासभर प्रश्न विचारत बसवतात.

मयेतळे
आठवण म्हणून एक पुंगळी आणणारच होतो. राहिलं. जुनी_दुनळी काका, तुम्हाला छऱ्यांची भोकं पडलेला कागद आणतो.